कामेनब्रोदच्या इस्पितळाचं माप

झुमरा डेलालिचला कामेनब्रोदमध्ये सगळे ओळखत आणि पाठीमागे 'आपत्तीमावशी' म्हणत. ती आली की काही वाईट घडायचं असं नाही. पण वाईट काय काय घडू शकतं याची उजळणी मात्र व्हायची, आणि ती कुणाला आवडते? भूकंप झाला, आग लागली, पूर आला, वीज गेली, रस्ता तुटला, तर एखादं इस्पितळ किती तग धरेल याचं माप घेणं हे तिचं काम. जिल्ह्याच्या आरोग्य संस्थेची ती नोकरी होती. बरोबर विंको नावाचा इंजिनियर असायचा. विंको भिंती ठोकून बघायचा, झुमरा माणसांना प्रश्न विचारायची.

"ऑक्सिजनच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"मिर्सादकडे."

"मिर्साद कुठंय?"

"जर्मनीत. गेल्या वर्षीच गेला की."

"आणि किल्ली?"

"ती पण गेली असेल ताई, चांगल्या पगारावर."

लोक हसायचे. तीही हसायची, आणि हसता हसता गुण कापायची.

ही नोकरी तिने हौसेनं धरली नव्हती. लढाईच्या काळात ती विशीतली नर्स होती आणि इस्पितळ तळघरात चालायचं. वर तोफगोळे पडायचे, खाली बाळंतपणं व्हायची. त्या तळघरानं गाव जगवलं. म्हणून लढाई संपल्यावरही जे जे मोलाचं ते लोकांनी तळघरातच ठेवलं. जनरेटर तिथे, औषधं तिथे, पाण्याचे पंप तिथे. मग त्या मोठ्या पुराच्या वर्षी ब्रेझना नदी भर सकाळी इस्पितळात शिरली, आणि पहिलं काय भरलं असेल तर तेच तळघर. जनरेटर बुडालं. वरच्या मजल्यावर श्वासाच्या मशीनवर एक सुतार होता. मशीन बंद पडल्यावर झुमरा आणि आणखी दोघी आळीपाळीनं रबरी पिशवी दाबून त्याला श्वास देत राहिल्या. बोटं सुजली, मनगटं भरून आली. सोडवायला होडी आली ती दुसऱ्या दिवशी. सुतार तोवर थांबला नाही.

गोळ्यांपासून वाचवणारी जागा पाण्यात माणूस मारते, ही एवढीशी गोष्ट आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही, हे झुमराला काही केल्या पचेना. पुढे संस्थेनं हे मापाचं काम काढलं तेव्हा तिने अर्ज केला आणि नर्सेसच्या खोलीतलं आपलं कपाट रिकामं केलं.

तिचा नवरा एक्रेम गावातला बेकरीवाला. त्याच्या भट्टीतल्या गरम सोमुन रोट्यांसाठी रमझानात चौकापर्यंत रांग लागायची. पन्नाशी उलटली आणि त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला मोजून मापून पाणी. आयुष्यभर भट्टीपुढे घाम गाळून तांब्यावर तांब्या रिचवणारा माणूस आता बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तो विरघळू नये म्हणून तोंड मिटून बसायचा. बेकरी त्याने पुतण्याला दिली. "तहान म्हणजे काय ते आता कळलं," तो एकदाच म्हणाला, परत कधी बोलला नाही.

डायलिसिसचा विभाग पुरानंतर परदेशी देणगीतून नवा बांधलेला. नदीकडच्या अंगाला, एकमजली, काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांचा. गाडी थेट दारापर्यंत यायची, म्हाताऱ्यांना पायरी चढावी लागायची नाही. दाराशी देणगीदारांच्या नावाची पाटी. आणि पाणी शुद्ध करायचं सगळं यंत्र खाली, त्याच जुन्या तळघरात. जनरेटरही तिथेच. बांधणारे परगावचे होते, आणि गावकऱ्यांनी विचारलं नाही. देणारा देतोय, त्याच्या गाईचे दात कोण मोजतो?

एक्रेमच्या शेजारच्या खुर्चीवर योझो असायचा, निवृत्त पोस्टमन. त्याचं तोंड कधी गप्प नसायचं.

"झुमरावहिनी," तो म्हणायचा, "या गावात माझ्याइतका शुद्ध माणूस दाखवा. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घेतो. आमच्या पाद्रीबाबांचं एकदा तरी धुतलंय का कुणी?"

"आधी तुझी जीभ धुवायला हवी," नर्स स्लावित्सा त्याच्या दंडावर पट्टी बांधत म्हणायची. स्लावित्सा या विभागाची मुख्य नर्स. झुमरा आणि ती तळघराच्या दिवसांपासूनच्या मैत्रिणी.

मग एका शरद ऋतूत माप घ्यायची पाळी कामेनब्रोदची आली.

झुमरा संस्थेतल्या आपल्या साहेबांकडे गेली. म्हणाली, "माझा नवरा तिथे पडून असतो. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं कोण आहे?" साहेब म्हणाले. "एक जण बाळंतपणाच्या रजेवर, एक ऑस्ट्रियाला गेला. तूच जा. आणि हे बघ, डोळ्यात तेल घालून बघितलंच पाहिजे असं काही नाही."

ती गेली. विंको भिंती ठोकत फिरला. झुमरा तळघरात उतरली. नव्या रंगाखालून जुन्या पुराची रेघ अजून दिसत होती, तिच्या खांद्याच्या वर. जनरेटर त्या रेघेच्या खाली. मुख्य वीज गेली की जनरेटरची वीज जोडणारी पेटी रेघेच्या खाली. पाण्याचं यंत्र रेघेच्या खाली.

"चालतं ना पण!" इस्पितळाचे संचालक डॉक्टर हासिब म्हणाले. गोरेगोमटे, थकलेले गृहस्थ. इस्पितळ उभं ठेवता ठेवता स्वतः वाकलेले. "दर महिन्याला सुरू करून बघतो आम्ही."

"आता बघू या," झुमरा म्हणाली. "खुर्च्यांवर कुणी नाही ना? मुख्य वीज तोडा."

वीज तोडली. क्षणभर अंधार, मग खालून खोकल्यासारखा आवाज आला, गुरगुर आली, दिवे लागले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी कॉफी मागवली.

"चला, झालं," ते म्हणाले.

"चालू राहू दे," झुमरा म्हणाली.

कॉफी आली. कपातला गाळ खाली बसायच्या आत खालची गुरगुर अडखळली, दोनदा फुरफुरली आणि बंद पडली. टाकीच्या तळाशी पाणी साचलेलं. जुनं डिझेल कधी बदललंच नव्हतं. महिन्याच्या महिन्याला सुरू करत होते ते खरं, पण सुरू करून लगेच बंद करत होते, डिझेल वाचावं म्हणून.

झुमरानं अंधारातच कागदावर नोंद केली.

संध्याकाळी डॉक्टर हासिबनी तिला आपल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. "झुमरा, मी तुला फसवायला बघत नाही. तू जे बघितलंस ते मलाही दिसतं. पण तू कमी गुण दिलेस तर ते दुरुस्त करणार नाहीत. बंद करतील. वरच्या खोऱ्यातलं प्रसूतिगृह तसंच बंद केलं ना? दुरुस्तीला पैसा लागतो. बंद करायला नुसती सही लागते."

"विभाग वर हलवा," झुमरा म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरचा बाळंतिणींचा वॉर्ड मोकळाच पडलाय."

मोकळा म्हणजे काय, ओसाडच. पोरं होण्याच्या वयाची माणसं गावात उरली होती कुठे?

"हलवा, असं तू लिहिशील," डॉक्टर म्हणाले. "पण ते वाचणार फक्त गुण."

स्लावित्सानं दारातच गाठलं. "ऐक माझं. तुझा एक्रेम आहे त्यात. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी तरी हात जरा सैल सोड."

"सुतार आठवतो तुला?"

"सगळं आठवतं मला!" स्लावित्सा फिस्कारली. "तुझ्याइतकंच आठवतं. पण तो मेलाय. हे जिवंत आहेत."

घरी एक्रेम खिडकीशी बसला होता. गावात बातमी पायांनी चालत नाही, उडते.

"काय ठरवलंस?"

"तूच सांग."

"मी का सांगू? माझा जीव त्या खुर्चीला बांधलेला. मी सांगितलं तर ते माझ्या भीतीचं सांगणं होईल." तो खिडकीकडे वळला. "तू खोटं लिहिलंस आणि पाणी आलं, तर मी खुर्चीला बांधलेला असताना येईल. खरं लिहिलंस तर घाटातून हेलपाटे. दोन्हीकडून मीच आहे. तू तुझं बघ."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालं. झुमरानं जे होतं ते लिहिलं. सर्वांत खालचा वर्ग दिला, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं की विभाग बंद करू नये, तातडीनं दुसऱ्या मजल्यावर हलवावा.

महिन्याभरात मंत्रालयाचा माणूस आला. त्याने नदीकडच्या दाराला सील लावलं. 'तात्पुरतं' असं त्यावर लिहिलं होतं. मशीन आतच राहिली, झाकून ठेवलेली. रुग्णांसाठी एक गाडी नेमली गेली: पहाटे निघायचं, वुचिया खिंड चढून उतरायची, शहरातल्या इस्पितळात रक्त धुऊन घ्यायचं, आणि गळून गेलेल्या अंगानं तीच वळणं उलटी घेत परत यायचं. आठवड्यातून तीनदा.

हिवाळा लागला तसे लोक झुमराशी बोलायचे बंद झाले. भांडले नाहीत, तेच तिला जड गेलं. दुकानात शिरली की गप्पा थांबायच्या. पुतण्याच्या बेकरीत एक म्हातारी तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काही काही माणसं घर गळतं म्हणून घरातल्यांनाच पावसात काढतात." स्लावित्सा शहरात बदलून गेली होती, त्याच गाडीतून जायची, त्याच गाडीतून यायची. झुमरा दिसली की खिडकीबाहेर बघायची.

एक्रेम परत आला की बूट काढायचंही त्राण नसायचं. झुमरा खाली बसून त्याचे बूट काढायची. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरायचा.

खिंडीत बर्फ पडलं की गाडी कधी अर्ध्यातून परतायची, कधी उशिरा पोचायची आणि मशीनची वेळ कमी मिळायची. योझोच्या गप्पा आटल्या. आधी तो म्हणाला की वळणांवर पोटात ढवळतं. मग म्हणाला, उद्या जाईन. मग एक सोमवार त्याने चुकवला, आणि बुधवारही.

झुमरा त्याच्या घरी गेली. योझो स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसला होता, चेहरा सुजलेला, राखेच्या रंगाचा.

"योझोदादा, उद्या चल. मी येते बरोबर."

"वहिनी, तीस वर्षं या खिंडीतून टपाल आणलं," तो म्हणाला. "पगार मिळायचा म्हणून आणलं. आता फुकट नाही जायचं मला."

"मस्करी नको."

"मस्करी कोण करतंय? मी दमलोय गं."

त्याची बायको रूझा दाराशी उभी होती. ती झुमराला बस म्हणाली नाही. दोन दिवसांनी चर्चची घंटा झाली.

दफनाला झुमरा मागे उभी राहिली, एक्रेम पुढे. माणसं पांगायला लागल्यावर रूझा सरळ तिच्याकडे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"तुझं माप बरोबर होतं का गं झुमरा?"

झुमरानं मान खाली घातली.

"नाही, खरंच विचारते. नदी आली का? सांग ना. मी रोज बघते. नदी आहे तिथेच आहे. माझा माणूस कुठंय?"

त्या रात्रीपासून झुमराची झोप गेली. बरोबर होतं, हे तिला माहीत होतं. तळघर, रेघ, कुजकं डिझेल, सगळं खरं. आणि योझो मेला होता, तेही खरं. तिने फक्त भिंती मोजल्या होत्या. इस्पितळ बंद झालं तर माणसं किती तग धरतील, हे तिच्या मापात कुठे नव्हतंच. तिने विंकोला बरोबर घेतलं आणि त्याच कागदांवर, त्याच पद्धतीनं, त्या गाडीचं माप घेतलं. खिंड कितीदा बंद पडते, ड्रायव्हर आजारी पडला तर दुसरा कोण, गाडी नादुरुस्त झाली तर काय, किती जणांची मशीनवरची वेळ कापली गेली. गाडीला तिने बुडणाऱ्या तळघराहूनही कमी गुण दिले आणि स्वतः मंत्रालयात घेऊन गेली.

तिथला अधिकारी सभ्य होता. "बाई, रस्ता आमच्या खात्यात येत नाही," तो म्हणाला.

"माणसं येतात ना?"

"विभाग वर हलवायची निविदा निघणार आहे."

"कधी?"

"निघणार आहे."

तिने आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी टेबलावर तिने मूठ आपटली, आणि आपटून झाल्यावर रडायला लागली. अधिकाऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला. आठवडाभरात साहेबांनी तिला रजेवर जायला सांगितलं. रजा कधी संपणार ते सांगितलं नाही.

वसंतात पाऊस आला. पाऊस तसा दर वर्षी येतो, पण हा थांबेचना. दोन दिवसांत खिंडीखालचा डोंगर झाडांसकट रस्त्यावर आला. गाडी निघालीच नव्हती, एवढं नशीब. पण आता गाव एका बाजूनं डोंगरानं आणि दुसऱ्या बाजूनं नदीनं मिटलं होतं, आणि डायलिसिसचे दहाबारा जण आत अडकले होते. त्यांची पाळी आजची होती. हेलिकॉप्टर मागितलं, ढग हलल्याशिवाय येणार नाही म्हणाले.

झुमरा घरोघर फोन करत सुटली. "बटाटा खाऊ नका. सुके आलुबुखार नको, हृदयावर येईल. मीठ नको. पाणी घोटभर, तेवढंच." काही जणांनी तिचा आवाज ओळखून फोन ठेवला. तिने पुन्हा लावला.

मग ती इस्पितळात गेली. डॉक्टर हासिब नदीकडच्या सीलबंद दारापुढे उभे होते, कानाला फोन. ब्रेझना इस्पितळाच्या बागेतल्या बाकांपर्यंत आली होती.

"लेखी आदेशाशिवाय सीलला हात लावू नका म्हणतात," त्यांनी फोन खाली घेत सांगितलं. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "झुमरा, तू सांग. हे पाणी येणार?"

"तासा-दोन तासांत."

"आणि मशीन आत."

"मशीन आत, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर भिंतीशी गेले, आग विझवायच्या सामानाच्या पेटीतली कुऱ्हाड काढली आणि दारावर घातली. ते कुऱ्हाड धरायला शिकलेले नव्हते. दुसऱ्या घावाला काच फुटली, तिसऱ्याला कुलूप. "तीस वर्षांची नोकरी गेली," ते म्हणाले आणि धापा टाकत हसले.

माणसं कुठून कुठून धावली. बेकरीतला पुतण्या पिठाच्या हातांनी आला. झुमराशी महिनोन्‌महिने न बोललेले लोक मशीनला चारी बाजूंनी भिडले आणि जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर, ओसाड बाळंतिणींच्या वॉर्डात चढवायला लागले. रूझाही होती. ती खुर्च्यांच्या गाद्या डोक्यावर घेऊन वर जात होती, झुमराकडे न बघता.

सगळी मशीन वर आली तरी काम होईना. पाण्याचं मोठं यंत्र तळघरातून निघण्यासारखं नव्हतं, आणि डायलिसिसला शुद्ध पाणी नसेल तर मशीन म्हणजे नुसतं खोकं. अतिदक्षता विभागात चाकांवरचं एक छोटं यंत्र होतं. ते एका मशीनला पुरतं. म्हणजे एका वेळी एकच माणूस. गावचं पाणी गढूळ झालेलं; पाणीपुरवठ्याच्या लोकांनी टेकडीवरच्या टाकीची झडप वेळेवर बंद केली होती, त्यातलं पावसाआधीचं स्वच्छ पाणी आगीच्या बंबातून आणलं. वीज गेलीच होती. लाकडाच्या वखारीतलं जनरेटर ट्रॅक्टरला जोडून मागच्या चढावरच्या फाटकातून आत घेतलं. खाली तोवर तळघर भरलं होतं. पाणी भिंतींना आतून धक्के देत होतं, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

स्लावित्सानं हात धुतले आणि झुमराकडे बघितलं. "एकटी मी पुरणार नाही. तू विसरली नाहीस ना?"

"शिकव परत."

"शिकवायला वेळ नाही. बघ आणि कर."

प्रत्येकाला दोन तास, जास्त नाही. जीव तगेल एवढंच. कुणाला आधी घ्यायचं ते डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांचे आलेख बघून ठरवलं. एक्रेमचा आलेख बराच बिघडलेला होता, त्याला तिसरा नंबर दिला. एक्रेम म्हणाला, "त्या म्हातारीला घ्या आधी, मी तरणा आहे." मग आणखी कुणाला पुढे केलं. झुमरा त्याच्यावर ओरडली, "इथे मोठेपणा मिरवू नकोस!" तो हसला. असं करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची पाळी आली तेव्हा त्याचे ओठ निळसर होते आणि बोलताना जीभ जड होत होती.

तो मशीनवर जाऊन अर्धा तास झाला असेल, आणि वखारीचं जनरेटर तापून बंद पडलं. रात्रभर अखंड चालवलेलं, ते तरी किती सोसणार? मशीनचा दिवा गेला. मशीनच्या आतली बॅटरी केव्हाच थकलेली होती. एक्रेमचं रक्त नळ्यांमध्ये थांबलं, गडद लाल.

"मागचा दांडा!" स्लावित्सा ओरडली. "हातानं फिरव! गोठलं तर नळ्यांतलं सगळं रक्त गेलं!"

मशीनला असा एक छोटा दांडा असतो, वीज गेली तर रक्त हातानं परत अंगात ढकलायला. झुमरानं तो धरला आणि फिरवायला लागली.

"हळू. घाई करू नकोस. तुझ्या नाडीच्या ठोक्याला एक फेरा."

"माझी नाडी पळतेय."

"मग माझी ऐक," स्लावित्सा म्हणाली आणि तिच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. एक. एक. एक.

नळीतलं लाल हळूहळू सरकायला लागलं. एक्रेम तिच्याकडे बघत होता. "भट्टीचं पीठ मळतेस का गं?" तो पुटपुटला.

"बोलू नकोस."

"हात भरून येईल."

"येऊ दे."

तिचा हात खांद्यापासून पेटला होता. डोळ्यांपुढे तो सुतार येत होता, रबरी पिशवी येत होती, योझोचा राखेच्या रंगाचा चेहरा येत होता, आणि ती मनात नुसतं म्हणत होती, हा नको, हा नको. नळीतला शेवटचा लाल धागा एक्रेमच्या दंडात शिरला तेव्हा स्लावित्सानं चिमटा लावला आणि दोघी जमिनीवर बसल्या, पाठीला पाठ लावून.

अर्ध्या तासाचं धुणं म्हणजे काहीच नव्हे. वखारीच्या लोकांनी जनरेटर निवेपर्यंत आणि परत सुरू होईपर्यंत एक्रेमच्या छातीत पाणी भरत गेलं. संध्याकाळी त्याला पुन्हा जोडलं. दुसऱ्या दिवशी ढग फाटले आणि हेलिकॉप्टर उतरलं. सगळे जण जिवंत शहरात पोचले. एक्रेमही पोचला, पण त्याच्या हृदयानं त्या दिवसात जे सोसलं ते त्याला परत भरून काढता आलं नाही. वर्ष सरायच्या आत, एका शांत दुपारी, खुर्चीवर असतानाच तो गेला. खुर्ची कामेनब्रोदमधलीच, रुग्ण शहरातून परतल्यावरही दुसऱ्या मजल्यावरच राहिलेली. ती परत खाली न्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि वर राहू द्या असा आदेशही कुणी काढला नव्हता. डॉक्टर हासिबची चौकशी झाली, मग वर्तमानपत्रात त्यांचं कौतुक आलं, मग चौकशी मिटली. नदीकडची इमारत गाळानं भरून तशीच उभी राहिली.

पुरानंतर लोक झुमराला नमस्कार करायला लागले होते. एकदोघं म्हणाली, "तुझंच बरोबर होतं." तिला ते शब्द ऐकवत नसत. ती रस्ता बदलायची. पाणी आलं नसतं तर ती चुकीची ठरली असती का? आणि पाणी आलं म्हणून योझोचं मरण बरोबर ठरलं का? एक्रेमच्या तेहविदला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेला, रूझा आली, बायकांमध्ये शेवटच्या रांगेत बसली, प्रार्थना झाल्यावर कॉफी न घेता गेली. झुमराला त्यात माफी दिसली नाही, आणि तिने ती शोधलीही नाही.

संस्थेनं तिला परत बोलावलं. ती जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. रिकाम्या घरात बसून ती खिडकीबाहेर बघत राही. एका सकाळी उठली, कोट घातला आणि विंकोच्या गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या खोऱ्यातलं एक इस्पितळ, कामेनब्रोदपेक्षाही लहान. तिथला तरुण संचालक त्यांना दारातच भेटला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तुमच्याबद्दल ऐकलंय," तो म्हणाला. "आम्हाला किती गुण देणार?"

"ते नंतर," झुमरा म्हणाली. "आधी हे सांगा, तुमचं इस्पितळ उद्या बंद झालं तर इथली माणसं कुठे जातील?"

त्याने डोंगरांकडे बघितलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

झुमरानं मान हलवली. विंकोनं पायऱ्यांवर आपली पिशवी ठेवली आणि हातोडी काढली.

"बरं," ती म्हणाली. "तळघराकडे कुठून जायचं?"